बाकीच्या येतायत

भाद्रपद निम्मा उलटला तेव्हा आमच्या धायरीच्या सोसायटीत बातमी पक्की झाली होती, की बी विंगमधल्या सुहासिनी आगाशे यांनी आपल्या फ्लॅटमध्ये चार बायका पेइंग गेस्ट ठेवल्या आहेत. नुसत्या ठेवल्या नाहीत, तर त्या दुपारभर एकत्र बसून भजनं म्हणतात. बातमीला पुरावाही होता. दुपारच्या सामसुमीत लिफ्टपाशी उभं राहिलं की आतून पाच बायकांचे आवाज स्वच्छ ऐकू यायचे. एकीचा नाकातून, एकीचा घोगरा, आणि एक बिचारी दरवेळी अर्धा ठोका मागे. खडकवासला तुडुंब भरलं तरी आमच्याकडे टँकरच येतो. त्यामुळे चार जादा बायकांच्या आंघोळी हा सोसायटीच्या दृष्टीनं भक्तीचा विषय नव्हता. शेवटी सेक्रेटरींनी जाऊन बेल वाजवली.

दार सुहासिनीताईंचे यजमान अनिरुद्धराव यांनी उघडलं. आत पाचही आवाज रंगात आले होते.

"आगाशे, घरात सध्या माणसं किती?"

"दोन. तुम्ही आत आलात तर तीन."

"मग हे गातंय कोण?"

"ही."

"आणि बाकीच्या?"

"त्याही हीच."

सेक्रेटरींनी मान आत घालून पाहिलं. हॉलमध्ये खुर्चीवर सुहासिनीताई एकट्या, दोन्ही हातांत टाळ, कानामागून गालावर आलेला माइक, आणि पायापाशी डब्याच्या झाकणाएवढी एक लाल पेटी. परका माणूस दिसताच त्या दचकून उठल्या, घाईघाईनं पेटीवर पाय आपटला, आणि पाचही बायका एका दमात गप्प झाल्या. सेक्रेटरी जिना उतरले ते नवी बातमी घेऊनच. पेइंग गेस्ट वगैरे काही नाही, आगाशेबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय.

तेही खरं नव्हतं. खरी गोष्ट त्याहून अवघड होती. सुहासिनीताई एका माणसाला 'हो' म्हणून बसल्या होत्या.

त्यांना ओळखणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. 'नाही' हा शब्द या बाईंच्या तोंडून कधी कुणी ऐकलेला नाही. भाजीवाल्यानं किडकी वांगी पिशवीत टाकली तरी त्या "असू दे, असू दे" म्हणतात आणि घरी येऊन वांग्यांची काळजी करत बसतात. शाळेच्या ऑफिसात सगळी नोकरी केली, पण हेडबाईंच्या खोलीत शिरायच्या आधी दारातच "सॉरी" म्हणायच्या, काम नंतर सांगायच्या. घरातून निघताना गॅस बंद केलाय का ते बघायला परत जातात. परत आल्यावर कुलूप लावलंय का ते बघतात. आणि रिक्षात बसल्यावर अनिरुद्धरावांना विचारतात, "अहो, मी गॅस बघितला ना?" ते म्हणतात, "गॅसनंही तुला बघितलंय. आता विसर त्याला."

अशी बाई गाते हे ऐकून लोक चकित होतात. पण ती कशी गाते ते कळलं की चकित होत नाहीत. नारायण पेठेत राहायच्या तेव्हापासून त्या तिथल्या नादवेल महिला भजनी मंडळात होत्या. धायरीला आल्यावरही बस बदलून जायच्या. मंडळात पाच जणी. पहिली ओळ म्हणायच्या दीपमालाताई, नाकात पण खणखणीत. बाकीच्यांनी ती मागून म्हणायची. सुहासिनीताईंची जागा डावीकडून दुसरी, काम मागून म्हणण्याचं. एवढ्या वर्षांत पहिली ओळ त्यांनी एकदाही म्हटली नव्हती. म्हणायची वेळ येऊ नये म्हणून, दीपमालाताईंना खोकला झाला की याच आलं-खडीसाखर घेऊन पोचायच्या.

आणि ते मंडळ या वर्षी मोडलं. दीपमालाताई मुलीच्या बाळंतपणाला ऑस्ट्रेलियाला गेल्या. नेहमी अर्धा ठोका उशिरा येणाऱ्या हेमाताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उरलेल्या दोघींचं नवरात्रातल्या रंगांवरून फाटलं. हिरव्या रंगाच्या दिवशी पोपटी साडी चालते की नाही, हा तो मुद्दा. हिरवीवालीनं पोपटीवालीला सगळ्यांदेखत "तुम्हाला रंग दिसत नाहीत की वाचता येत नाही?" असं विचारलं, आणि संपलं. दोघींनी एकमेकींचे नंबर ब्लॉक केले. मध्ये सुहासिनीताई, दोघींनाही "हो ना, बरोबर आहे तुमचं" म्हणणाऱ्या.

तशातच नारायण पेठेतल्या देवीच्या देवळाचे विश्वस्त गोपाळकृष्ण दाते यांचा फोन आला. दाते म्हणजे घड्याळाकडे बघत बोलणारे गृहस्थ.

"सुहासिनीताई, दीपमालाबाई फोन उचलत नाहीत म्हणून आपल्याला केला. पाचव्या माळेची संध्याकाळ नेहमीप्रमाणे नादवेलची. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. रांगेत दोन मंडळं उभी आहेत, आणि एकदा दिलेली माळ मी परत काढून घेत नाही."

मंडळ मोडलंय, एवढी तीनच अक्षरं... बरं, तीनपेक्षा जास्त असतील, पण तेवढं वाक्य त्यांनी बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "हो हो. येतो ना आम्ही."

'आम्ही'! फोन ठेवला आणि त्या चपला घालून निघाल्या. हिरवीवालीकडे गेल्या, ती म्हणाली पोपटी आली तर मी नाही. पोपटीवालीकडे गेल्या, तिनं दारातूनच नमस्कार केला. हेमाताईंना वॉकर घेऊन देवळाच्या पायऱ्या चढता येणार नव्हत्या. परत फोन करून खरं सांगावं, तर पाचवी माळ कायमची गेली असती. म्हणजे मंडळ अधिकृतपणे मेलं असतं, आणि ते आपल्या तोंडून. अनिरुद्धराव म्हणाले, "त्यात काय, मी करतो फोन." सुहासिनीताईंनी फोन लपवून ठेवला.

या सगळ्याची वाच्यता कुठं झाली असेल तर लिफ्टमध्ये. वरच्या मजल्यावर स्पृहा नावाची यवतमाळची मुलगी भाड्यानं राहते. आयटीत आहे, शनिवारी एखाद्या कॅफेत गिटार घेऊन एकटीच गाते. लिफ्टमध्ये सुहासिनीताईंचा चेहरा बघून तिनं विचारलं, "काकू, काय झालं नं तुम्हाला?" आणि चौथा मजला येईपर्यंत काकूंनी सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. त्यातून लिफ्ट मध्येच अडकली होती.

संध्याकाळी स्पृहा ती लाल पेटी घेऊन आली. "काकू, हे लूप पेडल. मी कॅफेत एकटीच असते, पण ऐकणाऱ्याला वाटते का पूर्ण बँड आहे. हे बटन एकदा दाबलं का लाल लाइट, ते ऐकून राहिलंय. परत दाबलं का हिरवा लाइट, जे ऐकलं ते गोल गोल वाजवत राहते. अजून दाबा, त्याच्यावर दुसरा आवाज चढवा. मग तिसरा. सगळं तिथंच, लोकांसमोर, लाइव्ह. आधी भरून आणायचं नाही, नाहीतर ते चीटिंग."

"आणि चुकलं तर?"

"तर चूक पण गोल गोल वाजते," स्पृहा म्हणाली. तिला ते गमतीचं वाटलं. सुहासिनीताईंनी त्या रात्री जेवण अर्धं टाकलं.

पण दुसऱ्या दिवशी त्या बसल्या. टाळांचा ठेका आधी भरायचा. बटन नेमकं समेवर दाबायचं आणि नेमकं समेवरच परत दाबायचं. केसभर उशीर झाला तर सगळं आवर्तन लंगडायला लागतं. ही समेची सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती, ते दोन दिवसांत बसलं. मग एक गुणगुण, आणि मग मागून म्हणणाऱ्या चौघी. त्यांना वाटलं, आपला एकच आवाज चारदा कशाला? म्हणून त्यांनी एकेकीचा आवाज काढला. दीपमालाताई नाकातून, हिरवी घोगरी, पोपटी किनरी. हेमाताईंचा आवाज मुद्दाम अर्धा ठोका उशिरा.

"काकू, ही वाली लेट येऊन राहिली. परत घ्या."

"असू दे गं, त्या अशाच येतात. त्यांना वेळेवर आणलं तर त्या वाटणारच नाहीत."

मग पेटीच्या तऱ्हा कळत गेल्या. एकदा ऐन भरात अनिरुद्धराव शिंकले. ती शिंक ठेक्यात जाऊन बसली आणि दर आवर्तनाला समेच्या अलीकडे येऊ लागली. "माझी तब्येत एवढी वाईट नाहीये," ते पेपरामागून म्हणाले. स्पृहानं दाखवलं, बटन जरा दाबून धरलं की शेवटचा थर पुसला जातो. सुहासिनीताईंनी भीतीपोटी जरा जास्तच दाबून धरलं आणि पाची जणी नाहीशा झाल्या. तेव्हापासून पुसण्याची त्यांना चुकण्यापेक्षा जास्त धास्ती बसली.

खरी अडचण मात्र पायाची होती. हात टाळांत अडकलेले, म्हणजे बटन पायानंच दाबायचं. आणि गाण्याच्या वस्तूला पाय! पुस्तकाला, पैशाला, कुणाच्या पिशवीला पाय लागला तरी आपला हात आपोआप खाली जाऊन कपाळाला लागतो, त्याला आपण विचारायला जात नाही. सुहासिनीताईंचा तर सर्वांत आधी. पहिल्या दिवशी त्यांनी बटन दाबलं, वाकल्या, पेटीला हात लावून नमस्कार केला, आणि तोवर दोन मात्रा निघून गेल्या. परत दाबलं, परत वाकल्या. स्पृहा हसून जमिनीवर बसली. "काकू, ते मशीन आहे बाप्पा!"

"असू दे. गातंय ना ते?"

शेवटी त्यांनी तोड काढली. सुरू करायच्या आधी पेटीला एक फूल वाहायचं, हात जोडायचे आणि मनात म्हणायचं, आता अर्धा तास मनावर घेऊ नकोस. हळूहळू हात थांबायला शिकला. गाणंही ठरलं होतं, दीपमालाताईंनीच मंडळासाठी रचलेलं. मागून म्हणायची ओळ अशी:

उंबऱ्यावर उभी आई, तिला आत घ्या गं

चौघी ती ओळ सुरेख म्हणायच्या. त्यावर म्हणायच्या पुढच्या ओळी मात्र सुहासिनीताई ओठांतल्या ओठांत पुटपुटायच्या. स्पृहानं एकदा विचारलं, "काकू, लीड कुठंय?"

"येईल त्या वेळी."

"आणि नाही आली तर? या चौघी वाट पाहत बसतील नं."

याच विचारानं सुहासिनीताईंची झोप गेली होती. मंडळ नीट बसायचं. दीपमालाताईंच्या जागी बसायला मात्र कुणी नव्हतं.

पाचव्या माळेला त्या आणि स्पृहा रिक्षानं नारायण पेठेत पोचल्या. गॅस दोनदा बघून झाला होता. देवळाच्या सभागृहात बायका दाटीवाटीनं बसलेल्या. सगळ्या ओळखीच्या, सगळ्या जुन्या. व्यासपीठावर नेहमीप्रमाणे पाच आसनं आणि पाच माइक. दाते घड्याळाकडे बघत पुढे आले.

"बाकीच्या कुठे?"

सुहासिनीताईंनी पाचही आसनांकडे पाहिलं. आता सांगायचं, हीच वेळ. "येतायत," त्या म्हणाल्या.

"वेळेवर सुरू होईल. येवोत न येवोत."

स्पृहानं वायरी जोडल्या, एका आसनाच्या जागी खुर्ची ठेवली आणि ती मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. सुहासिनीताईंनी पेटीला फूल वाहिलं. मांडीवर टाळ घेतले. त्यांनी देवीकडे बघितलं, तर वाटलं देवीही विचारतेय, बाकीच्या कुठे?

पाय ठेवला. लाल. ठेका भरला. पाय. हिरवा. टाळ आता आपोआप वाजत होते आणि त्यांचे हात स्वस्थ होते, हे बघून पुढच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. गुणगुण चढली. मग नाकातला आवाज आला आणि एक म्हातारी उघडच म्हणाली, "अगं, दीपमाला आली वाटतं!" घोगरी आली, किनरी आली, अर्ध्या ठोक्यानं हेमाताई आल्या. बायका माना उंचावून बघायला लागल्या. चारही आसनं रिकामी.

तेवढ्यात दात्यांचं लक्ष खाली गेलं. ते बाजूनं, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो ताई! वाद्याला पाय काय लावताय?"

आणि सगळ्या सरावावर पाणी पडलं. शिकवून थांबवलेला हात सुटला. सुहासिनीताई झटकन वाकल्या, पेटीला हात लावला, तो नेमका बटनावर पडला. लाल दिवा लागला. कपाळाला हात नेता नेता त्या कळवळून म्हणाल्या, "अगं बाई, चुकलं!" आणि सावरून बसताना सवयीनं समेवर पाय पडला. हिरवा.

चौघींनी ओळ म्हटली, उंबऱ्यावर उभी आई, तिला आत घ्या गं. आणि त्यानंतरच्या रिकाम्या जागेत स्पीकरमधून आलं, "अगं बाई, चुकलं!"

सभागृह फुटलं. बायकांबरोबर आलेली पोरं तर लोळायला लागली. सुहासिनीताईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. परत आवर्तन फिरलं. उंबऱ्यावर उभी आई. अगं बाई, चुकलं! जरा दाबून धरलं की शेवटचं जातं. जरा जास्त धरलं की सगळंच जातं. जरा म्हणजे किती? मागून स्पृहा हातानं काहीतरी खुणा करत होती, त्या दाबण्याच्या होत्या की सोडण्याच्या ते कळेना. पाय बटनाच्या वर अधांतरीच राहिला. बंद करावं आणि उठून जावं, असं मनात येऊन गेलं. म्हणजे मग दाते विचारणार, बाकीच्या कुठे. आणि नाही बंद केलं, तर आपलाच आवाज साऱ्या नारायण पेठेला सांगत राहणार, की चुकलं, चुकलं, चुकलं.

चौघी ओळ म्हणून थांबत होत्या. थांबत होत्या ती जागा पहिली ओळ म्हणणारीची होती, आणि ती रिकामी होती. म्हणून तर ते 'चुकलं' तिथं एवढं मोठं ऐकू येत होतं. ते झाकायला त्याच्या आधी काहीतरी ठेवणं भाग होतं. काहीही. सुहासिनीताईंनी पाय खाली टेकला, बटनाशेजारी, जमिनीवर. ठरलेल्या ओळी एकही आठवेना. पुढची सम आली आणि त्यांच्या तोंडून, बारीक, कापऱ्या आवाजात, जे घरात रोज सुचतं तेच निघालं:

पाट नाही मांडला मी...

"अगं बाई, चुकलं!" स्पीकर म्हणाला.

हशा झाला, पण वेगळा. मघाचा त्यांच्यावर होता, हा त्यांच्या बाजूनं होता. त्यांना स्वतःला ते कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं, की पुढची सम येतेय आणि आता थांबता येत नाही.

दार नाही झाडलं मी...

"अगं बाई, चुकलं!" या वेळी पुढच्या रांगेतल्या म्हातारीनंही म्हटलं.

दूध उतू घालवलं मी... गॅस चालू ठेवला मी... बायका आता टाळ्यांवर होत्या. आवाज अजून कापत होता, पण तो सगळ्यांच्या पुढे होता आणि मागून पाऊणशे बायका म्हणत होत्या. गॅसची ओळ म्हटल्यावर मात्र त्यांना खरोखरच धस्स झालं, गॅस बघितला ना आपण? शेवटी त्यांनी दात्यांकडे चोरून पाहिलं, डोळे मिटले आणि म्हटलं:

वाद्याला गं पाय लागला...

"अगं बाई, चुकलं!" सगळं सभागृह दात्यांकडे बघून ओरडलं. उंबऱ्यावर उभी आई, तिला आत घ्या गं.

आरती झाली, प्रसाद झाला. सुहासिनीताई वायरी गुंडाळत होत्या, म्हणजे गुंडाळलेली वायर परत सोडत होत्या. दाते घड्याळाकडे बघत जवळ आले. त्यांना काही कौतुक करायचं असावं, पण त्याची सवय नसल्यामुळे निघाली ती तक्रार.

"बायकांना आवडलं, ते ठीक आहे. पण पाचवी माळ मी मंडळाला दिली होती. आपण म्हणालात बाकीच्या येतायत. पाच आसनं मांडली, चार तशीच राहिली. पुढच्या वर्षी ही माळ आपली धरायची की नाही, ते आता मी कशावरून ठरवायचं?"

स्पृहा मध्ये बोलायला पुढे झाली. सुहासिनीताईंनी तिला हातानं थांबवलं, वायर खाली ठेवली आणि म्हणाल्या, "धरायची. अहो, सगळ्या आल्या होत्या की. हेमाताई तेवढ्या नेहमीसारख्या अर्धा ठोका उशिरा, आणि एकीनंही दुसरीच्या पुढचा माइक ओढला नाही."